फेट्याचा मान

वडवणी,
४ जून २०२५

बजरंग,

नावाआधी 'चिरंजीव' लिहायला गेले, हात अडला. 'फादर' लिहायला गेले तर आणखीच अडला. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. आशीर्वादाची ओळ या खेपेला गाळली आहे, शोधत बसू नकोस.

तुझी पत्रिका पोचली. कागद चांगला जाड आहे. २९ जून, रविवार, संत पेत्र आणि संत पौल यांचा सण, आणि त्या दिवशी माळावरच्या कॉलेजचे, म्हणजे आता विद्यापीठाचे, चौथे अध्यक्ष म्हणून तुझा पदग्रहण सोहळा. बिशप येणार, तुमचे पुढारी विजयसिंह साहेब येणार, बीडहून पत्रकार येणार. येऊ देत. पण खालच्या ओळीत जे छापलंय ते वाचून माझा चहा तसाच हातात राहिला. 'परंपरेनुसार फेटा बांधण्याचा मान : श्रीमती शिवकन्याताई रामकिसन.'

कुणाला विचारलंस? फोन नाही, निरोप नाही. लग्नाच्या पत्रिकेत रुसलेल्या आत्याचं नाव ठळक छापतात, म्हणजे ती चारचौघांच्या लाजेने का होईना येते. तू तीच युक्ती केलीस. युक्त्या तुला पहिल्यापासून छान जमतात. वर विधवेच्या हातून फेटा म्हणजे पेपरवाल्यांना आयती बातमी, हेही तुझ्या मनात आलंच असणार.

विसरल्याचं सोंगही तुला छान करता येतं, म्हणून सगळं पुन्हा लिहून काढते. माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, तो माळ फादर लुईंना दिला तेव्हा तिथे बाभळी आणि घोरपडी होत्या. फादर फ्रान्सहून आलेले, मराठी अडखळत बोलायचे. बदल्यात काय देऊ म्हणाले. आप्पा म्हणाले, "काय नको. पर हितं जो कुणी गादीवर बसंल त्याच्या डोक्याला फेटा आमच्या हातानं. मंजी तो आमचा झाला." आप्पा खंडोबाचे, फादर क्रूसाचे, पण दिलेला शब्द दोघांनी पाळला. फादर लुईंना आप्पांनीच बांधला. मग केरळचे फादर आले. ते म्हणाले, नंतर बघू. आठवडाभर वडवणीचं एकही पोरगं वर्गात गेलं नाही, तेव्हा तेही मुकाट खुर्चीवर बसले. तिसरे गोव्याचे फादर मस्कारेन्हस. त्यांना माझ्या यजमानांनी, म्हणजे तुझ्या सरांनी, बांधला. दोन वर्षांपूर्वी कॉलेजचं विद्यापीठ झालं, तरी शब्द तोच आहे.

आता आप्पा नाहीत, सर नाहीत. मुलगा मला झाला नाही. लेक आरोही पुण्याला असते, तिला फेटा म्हणजे लग्नातल्या फोटोपुरता. राहिले मी एकटी.

आणि चौथा आलास तू. तीन परके झाल्यावर पहिल्यांदा आपल्याकडचा माणूस, नांदूरघाटच्या छबुबाईचा बजरंग. परक्याला गावाने एखादवेळी सूट दिली असती. तुला कुणी देणार नाही. आमच्या घरात तू दहावीपासून राहिलास, सरांच्या शेजारी बसून जेवलास, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्या घराचा हात तुझ्या डोक्याला लागला नाही तर बिशपसुद्धा विचारतील, असं का?

विचारू देत की. मी येणार नाही.

शिवकन्या

&nbsp;

वडवणी,
१२ जून २०२५

बजरंग,

स्वतः यायची हिंमत झाली नाही म्हणून आईला पाठवलंस. छबुबाई काल भर उन्हात तुझ्याकडून, माळावरून, चालत आली. रिक्षाने का नाही आलीस म्हटलं तर म्हणाली, देवाच्या कामाला पायीच जावं. तिला आधी माठातलं पाणी दिलं, मग भाकरी. हात धुतल्यावर माझे दोन्ही हात धरले.

"बाई, माज्या लेकराच्या डोक्याला हात लावा. लई वर्सांनी आपल्यातला मानूस गादीवर बसायलाय."

"छबुबाई, ह्यात तू पडू नको."

"कावून पडू नको? सरांचं जे झालं ते कमिटीनं केलं. माज्या बजरंगानं न्हाई. सरांच्या पंगतीला जेवलेलं लेकरू हाय ते. त्यो रातभर रडलाय बगा सर गेले तवा."

म्हणजे तिला तू असं सांगितलंयस. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, बजरंग. एका वाक्याचं काम होतं. पण तिच्या गळ्यातला क्रूस बघितला, काळ्या दोऱ्यात ओवलेला, तू सेमिनरीतून पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा आणलेला, आणि तिचं ताट उचलून आत गेले. तिला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

काय सांगायचं ते लिहून देते, म्हणजे शब्दांची अडचण नको. मार्च २०२२, परीक्षेचा दिवस. सर परीक्षा विभागाचे प्रमुख, तू उपप्राचार्य. जुन्या प्रयोगशाळेची चावी सर घरी खिळ्याला लावून ठेवत, कारण ती खोली परीक्षेत वापरायची नाही असा त्यांचा हट्ट होता. तिला मागून दार होतं. सकाळी सर कॉलेजात गेल्यावर तू आमच्या दारात आलास. "काकू, सरांनी जुन्या लॅबची चावी मागितलीय." मी खिळ्यावरून काढून तुझ्या हातात ठेवली. वर तुला उपाशी जायला लागू नये म्हणून दशमी आणि चटणी बांधून दिली.

दुपारी भरारी पथक आलं. त्या खोलीत विजयसिंह साहेबांचा पुतण्या पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहीत बसला होता. चावी कुणाकडे असते असं पथकाने विचारलं. तू म्हणालास, सरांकडे असते. एवढंच म्हणालास. खोटंसुद्धा नाही ना? असतेच सरांकडे. त्या दिवशी कुणाकडे होती ते कुणी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

चौकशी समितीपुढे मी उभी राहिले. बजरंगला मी माझ्या हाताने चावी दिली, असं सांगितलं. तू समोर बसला होतास, नखं बघत. समितीतले एक गृहस्थ हसले. म्हणाले, बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार. सरांना निलंबित केलं. क्वार्टर सोडावी लागली. आप्पांनी दिलेल्या जमिनीवरून आप्पांचा मुलगा ट्रॅक्टरमध्ये सामान टाकून खाली गावात आला. पुढल्या वर्षी साहेबांनी मुंबईला खेटे घालून तुमची विद्यापीठाची फाईल पास करून आणली. पुतण्याही पहिल्या वर्गात पास झाला. पेढे वाटले होते म्हणे.

सर शनिवारच्या बाजाराला जायचे थांबले. कारण फळांच्या गाड्यावर चाँदभाईने, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, गिऱ्हाईकाला ओळख करून दिली, "ये वो कॉपीवाले सर." सर पेरू तसेच ठेवून घरी आले. आयुष्यभर ज्यांच्या वर्गात एकाही पोराने शेजाऱ्याच्या वहीकडे मान वळवली नाही, त्या माणसाचं नाव कॉपीवाले सर. त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर पडले ते दवाखान्यापुरते. गेल्या श्रावणात गेले. तू मातीला आला नाहीस. विद्यापीठाच्या नावाची पट्टी लावलेलं फुलांचं चक्र पाठवलंस. ते मी गोठ्यात टाकलं. म्हशीने फुलं खाल्ली आणि पट्टी ठेवली.

तर माझी अट ऐक. २९ तारखेला, फेटा बांधण्याआधी, माइकवर, सगळ्यांसमोर, एक वाक्य. 'त्या दिवशी चावी माझ्याकडे होती, सरांकडे नव्हती.' एवढं बोललास तर येते. नाहीतर तुझं बोडकं डोकं आणि तू, बघ काय ते.

शिवकन्या

&nbsp;

वडवणी,
२० जून २०२५

बजरंग,

तुझं उत्तर आलं. टाईप केलेलं, शिक्का मारलेलं. 'मागील काळात संस्थेकडून काही गैरसमज झाले असल्यास संस्थेच्या वतीने दिलगिरी व्यक्त करण्यात येईल.' मी ते तीनदा वाचलं. त्यात तू कुठेच नाहीस. सर नाहीत. चावीसुद्धा नाही. तुला दहावीला मी निबंध शिकवला तेव्हा असा नव्हता शिकवला.

गैरसमज कुणाचा झाला? पथकाचा? तुझा तर मुळीच नाही, तुला सगळं नीट समजत होतं. झाले असल्यास म्हणजे काय? सर मेले असल्यास?

आणि हे काय ऐकते मी. तू बीडहून रेडीमेड फेटा मागवलास? दुकानदाराने म्हणे डोक्याचं माप विचारलं, टोपीसारखं. आतून कापसाची गादी, बाहेरून पिना, वर प्लास्टिकचा तुरा. शिवकन्याबाई आल्या तर ठीक, नाही आल्या तर हा चढवायचा आणि घाईघाईत उरकायचं, असं ठरवलंस. ही बातमी मला कुणी दिली माहितीय? दुकानदार सासरा आहे वडवणीच्या एका पोरीचा, आणि ती पोरगी माझी शाळेतली विद्यार्थिनी. तुझ्यासारख्या सगळ्याच विद्यार्थ्यांनी माझं नाव घालवलं नाही.

घाल तो. खरंच घाल. गाव काय म्हणतंय तेही ऐक. काल पिठाच्या गिरणीत एक म्हातारा म्हणाला, "फेटा बांधायचा अस्तोय, घालायची टोपी. मंग अध्यक्ष बसलाच न्हाई म्हना, नुस्ता फोटो काढला." गिरणीत सगळे हसले. मी हसले नाही, माझं दळण घेऊन आले. पण घरी आल्यावर मला एवढं बरं वाटलं की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तू मला काय समजतोस ते मला कळतं. म्हातारी झाली, एकटी आहे, थोडी आरडाओरड करेल, मग आप्पांच्या शब्दासाठी येईल. तुझ्याइतका मी माझा शब्द स्वस्त केलेला नाही. सर गेले त्या रात्री मी रडले नव्हते, तुला सांगते. मला एवढा राग आला होता की रडायला जागाच नव्हती. तो राग अजून तसाच आहे, झाकून ठेवलाय, निवलेला नाही.

शिवकन्या

&nbsp;

वडवणी,
२७ जून २०२५

चि. बजरंग,

बरेच दिवस विचार केला. सर असते तर म्हणाले असते, आप्पांचा शब्द माझ्या रागापेक्षा मोठा. छबुबाईचा चेहराही डोळ्यासमोरून जात नाही.

मी येते. अट मागे घेतली. माइकवर काही बोलू नकोस, कुणाची दिलगिरी नको. कापड मी आणीन, गुलाबी, आप्पा आणायचे तसं. ते रेडीमेड परत पाठव. एक मात्र कर. फेटा बांधताना कापडाचं दुसरं टोक ताणून धरायला कुणीतरी लागतं. ते छबुबाईच्या हातात देऊ. आईने धरलेला फेटा, गावालाही आवडेल.

माइक खुर्चीजवळच असू दे, म्हणजे तुझ्या आभाराच्या भाषणाला उठावं लागणार नाही.

अनेक आशीर्वाद.

काकू

&nbsp;

वडवणी,
३ जुलै २०२५

बजरंग,

अट मागे घेतली, असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. तूही चावी मागताना सरांचं नाव सांगितलंस तेव्हा खोटंच बोलला होतास. फिट्टंफाट.

तू खुर्चीवर पुढे तोंड करून बसला होतास, त्यामुळे तुझ्या मागे काय काय झालं ते तुला दिसलं नाही. ते सांगायला हे पत्र.

मंडपात शिरले तेव्हा हलगीवाले वाजवत होते. बिशप उठून उभे राहिले आणि मला नमस्कार केला. विजयसिंह साहेबांनी खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. तू पांढऱ्या झग्यात, बोडका, खाली मान घालून बसलेला. दहावीला आमच्याकडे आलास तेव्हा सर तुझे केस कापायला न्हाव्याकडे घेऊन गेले होते, तेव्हाही असाच बसला होतास. ते आठवल्याबरोबर मला तुझी दया येते की काय असं वाटलं, म्हणून मी घाईने कापड उलगडलं.

छबुबाई पदर खोचून उभी होती. कापडाचं टोक तिच्या हातात दिलं. किती खूश होती ती. "ताणून धरू का, बाई?" म्हणाली. धर म्हटलं, सोडू नको.

पहिले वेढे मी नीट घातले. लोक टाळ्या वाजवत होते. तू डोळे मिटले होतेस, ओठ हलत होते, प्रार्थना करत असावास. अर्ध्यावर आल्यावर माझे हात थांबले. कापडाचा पिळा मी मुठीत धरला आणि वाकून तुझ्या कानात म्हणाले, "माइक म्होरं हाय. बोल."

तू डोळे उघडलेस. "काकू, नंतर."

"नंतर मंजी कधी? सरांना न्हाई भेटला तुजा नंतर."

"काकू, बिशप बघायलेत."

"बघू दे. न्हाई बोललास तर मी असंच सोडून निगाले. बस मग तसा."

आता मागचं ऐक. लोकांना वाटलं बाईचा हात दुखला. कुणी तरी म्हणालं, मदत करा रे. दोघे पुढे आले आणि गिरणीतल्या म्हाताऱ्याने त्यांना काठी आडवी घातली. "हात लावायचा न्हाई. मान त्यांचा हाय." हलगी थांबली. विजयसिंह साहेब फादर मस्कारेन्हसांच्या कानाला लागले. फादरांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. ते चांगले होते, फक्त भित्रे होते. पहिल्या रांगेत कुणीतरी मोबाइल वर धरला, मग सगळ्यांनी धरले. अर्धं डोकं गुलाबी, अर्धं उघडं, आणि मागे लांबलचक कापड ताणलेलं, त्याच्या टोकाला तुझी आई. लहान पोरं हसायला लागली. मला ते हसू गोड लागलं, लपवत नाही.

मग तू माइक ओढलास.

तू जे बोललास ते अख्ख्या मंडपाने ऐकलं. "मार्च बावीसच्या परीक्षेत जुन्या लॅबची चावी माझ्याकडे होती. रामकिसन सरांकडे नव्हती. मी काकूंकडून सरांचं नाव सांगून आणली. साहेबांच्या पुतण्याला मी बसवलं. समितीपुढे मी गप्प राहिलो." मी एक वाक्य मागितलं होतं. तू पाच बोललास. ते का, हे तुझं तुला माहीत.

त्या क्षणी माझ्या हातातलं कापड सैल झालं. मी मागे वळले. छबुबाईच्या हातातून टोक सुटलं होतं, मातीत पडलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तुझ्या पाठीकडे बघत होती. मग खाली बसली, तिथेच, सतरंजीच्या बाहेर.

शब्द दिला होता म्हणून मी फेटा पुरा केला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तेव्हा मी ते काखेत दाबलं आणि वेढे घातले. जरा जास्तच घट्ट आवळले. तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला. टाळ्या वाजल्या नाहीत. जुने दोन प्राध्यापक उठून उभे राहिले, मग काही विद्यार्थी. सरांचे हात लागलेले सगळे. ते तुझ्यासाठी उभे नव्हते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

साहेब भाषण न करता गाडीत बसले. बिशपांनी आशीर्वादाला हात वर केला आणि खाली घेतला. मी कुणाचा निरोप घेतला नाही. चालत घरी आले, दार लावलं, आणि सर गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले.

शिवकन्या

&nbsp;

वडवणी,
२ ऑगस्ट २०२५

बजरंग,

तुझं पत्र आलं, हाताने लिहिलेलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, वेलांट्या जरा कलत्या. तिकडे डोंगरातल्या वसतिगृहावर तुला धाडलं, लाइट चार-चार दिवस नसते, पोरांना आंघोळ घालायचं कामसुद्धा तुझ्याकडे आहे, हे वाचलं. वाईट वाटलं असं लिहिणार नाही.

इकडचं तुला कुणी कळवलं नसेल. तुझ्या जागी मंगळूरकडचे एक फादर येणार आहेत, वयस्कर. त्यांनी आधी मला पत्र लिहून विचारलं, आपण याल का म्हणून, आणि मगच पत्रिका छापली. मी जाणार आहे. पेपरात सरांचं नाव आलं, निर्दोष हा शब्द मथळ्यात. शनिवारी मी बाजारात गेले. चाँदभाईने गाडा सोडून हात जोडले. "बहेनजी, माफ करना, मेरे मुँह से निकल गया था." त्याच्याकडून पेरू घेतले. तो पैसे घेईना, मी गाड्यावर ठेवून आले.

पण सगळा गाव असा नाही. निम्मे माझ्याशी बोलत नाहीत. पहिल्यांदा आपला माणूस बसणार होता, बाईने स्वतःच्या रागापायी घालवला, असं म्हणतात. गिरणीतल्या म्हाताऱ्यानेच म्हटलं परवा. त्याचा नातू तुझ्यामुळे कॉलेजात लागणार होता.

आणि छबुबाई. ती माळ सोडून नांदूरघाटला गेली, हे तुला माहीत आहे. बुधवारी एसटीने आली. आत आली नाही, ओट्यावरही बसली नाही. आयुष्यभर मला अहोजाहो करणारी बाई दारात उभी राहून मला एकेरीत बोलली.

"माज्या लेकरानं पाप केलं. ते मला मान्य हाय. पर तू मला आदी कावून न्हाई सांगितलंस? माज्याच हातात कापड दिलंस तू. माज्या हातानं त्याला ताणून धरायला लावलंस."

तिच्या हातात टोक मी मुद्दामच दिलं होतं. तू आईसमोर खोटं बोलू शकणार नाहीस, एवढाच हिशेब मी केला होता. त्यात तिचं काय होईल हे मी बघितलंच नाही. तुझ्याबद्दल मला काही वाटत नाही, पण तिच्याबद्दल वाटतं. रोज वाटतं.

"झालं का समाधान?" तिने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "न्हाई."

"मंग अजून काय पायजे तुला?"

तिला सांगता आलं नाही. तुला सांगते. जे तू माइकवर बोललास ते सरांनी ऐकायला हवं होतं. पहिल्या रांगेत, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यात, ऐकून मग चष्मा पुसायला हवा होता. सर होते त्या अडीच वर्षांतल्या कुठल्याही दिवशी तू हे बोलू शकत होतास. आमच्या घरापर्यंत तुला चालत यायला किती वेळ लागत होता? ते आता तू देऊ शकत नाहीस, मी घेऊ शकत नाही. म्हणून माझा राग संपत नाही, बजरंग, आणि संपावा असं मलाही वाटत नाही. दुसरं काही माझ्याजवळ उरलेलं नाही.

तू विचारलंस, श्रावण वद्य पंचमीला सरांचं वर्षश्राद्ध आहे, येऊ का. आधी नको म्हणून लिहिणार होते. कागद फाडला.

ये. पण पंगतीला बसायचं नाही. तुझं पान मी मांडणार नाही. तू वाढायचंस. मीठ, कोशिंबीर, भात, वरण, पुरण, सगळ्या पंगतींना, शेवटपर्यंत. सरांना कॉपीवाले म्हणालेल्या एकेकाला मी बोलावणं केलंय. चौकशी समितीत हसलेल्या गृहस्थांनाही केलंय, ते येतो म्हणालेत. चाँदभाई येणार आहे. छबुबाईला मी स्वतः नांदूरघाटला जाऊन आणणार आहे, येईल की नाही माहीत नाही, पण तिला पहिल्या पंगतीत बसवणार आहे, आणि तिलाही तूच वाढायचंस.

लोक विचारतील, फादर, तुम्ही इथे कसे, हातात वाढप कसं. प्रत्येकाला उत्तर तू द्यायचंस, प्रत्येक पानापुढे वाकून, मोठ्याने. मी आत चुलीपाशी असेन, मला ऐकू येईल.

शिवकन्या